पूजेला बसलेलं यंत्र

रोहिणी : आणि ही हळद कुणी लावली?

ललित : हळू बोल. कुंकू ओलं आहे अजून.

रोहिणी : ललित, मी बाजारात संत्र्याच्या ताज्या गोळ्या आणायला गेले तेव्हा इथे आपलं यंत्र उभं होतं. परत येऊन बघते तर देव्हारा!

ललित : आज खंडेनवमी आहे ना, यार. भगवंत सरांनी सकाळीच सगळ्या वर्कशॉपची पूजा केली. लेथला हार, ड्रिलला हार, त्या बंद पडलेल्या ग्राइंडरला पण हार. आपलं मशीन कोपऱ्यात उघडंबोडकं उभं होतं. मला बरं नाही वाटलं.

रोहिणी : ज्या माणसाने ऑगस्टपासून या यंत्राला एकदा पाना लावला नाही, त्याला आज फूल लावल्याशिवाय राहवलं नाही?

ललित : प्रत्येकाची सेवा वेगळी असते.

रोहिणी : तुझी सेवा मला पाठ आहे. आपल्या टीममध्ये तीन माणसं. सुकदेव घट बसले तसा साक्रीला गेला, तो दिवाळीशिवाय उगवत नाही. मी काम करते. आणि तू टीमलीडर, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकतोस. काढ तो हार. अकरा वाजता वर्तकसाहेब येतील, त्यांना फिरवून दाखवायचंय.

ललित : काढता नाही येणार.

रोहिणी : का? वेल्डिंग केलंयस?

ललित : सर जाताना काय बोलून गेले, ऐकलं नाही तू. हार घातलेल्या मशीनला उद्या सकाळपर्यंत कोणी बोट लावायचं नाही. आज औजारांची सुट्टी. एवढं सांगून ते खानवेलला भावाकडे गेले जेवायला.

रोहिणी : सरांनी हार घातला तेव्हा आपलं यंत्र त्यात नव्हतं.

ललित : आता आहे ना.

रोहिणी : थांब जरा. हे तू मुद्दाम केलंयस.

ललित : शांती ठेव, सांगतो. गेल्या गुरुवारी काय झालं? प्रिन्सिपॉलसाहेबांनी वरच्या बरणीत मूठभर गोळ्या टाकल्या, हँडल फिरवलं, खाली हात धरला. आणि हातात काय आलं?

रोहिणी : पिठीसाखर.

ललित : पिठीसाखर! गोळीचं मशीन बोललो होतो आपण, निघाली पिठाची चक्की. प्रिन्सिपॉल घरचे, ते हसले. वर्तकसाहेब दादऱ्याच्या गोळ्यांच्या कारखान्याचे मॅनेजर आहेत. ते हसणार नाहीत. जागा एक आहे, मशीन सेक्शनला ट्रेनी. पीठ पडलं की ती जागा वापीचा कोणी पोरगा घेऊन जाणार. मग मी रात्रभर डोकं चालवलं. मशीन फिरलंच नाही, तर पीठ पडणार कुठून?

रोहिणी : लोक देव पाण्यात घालून बसतात. तू यंत्र पूजेत घालून बसलास.

ललित : टायमिंग बघ ना, काय आहे! साहेब आले, बोलले फिरवा. आपण हात जोडले, साहेब, आज खंडेनवमी. बस, खलास.

रोहिणी : ललित, यंत्र चालतंय.

ललित : हां.

रोहिणी : हां काय? काल दुपारपासून चालतंय. बरणीभर गोळ्या काढल्या मी. एकीचा चुरा झाला नाही.

ललित : तू मागच्या महिन्यात पण हेच बोलली होती.

रोहिणी : मागच्या महिन्यात स्प्रिंग तू आणली होतीस. बॉलपेनातली.

ललित : ती चांगल्या पेनाची होती.

रोहिणी : आता ऐक नीट. चकतीत एकेक गोळी बसते तसे खळगे आहेत. चकती फिरली की वरच्या जास्तीच्या गोळ्या बाजूला सारायला आपण पत्र्याची पट्टी लावली होती. गोळ्या काही एका मापाच्या नसतात. एखादी जाडी आली की पट्टीखाली अडकायची आणि चिरडायची. मी पट्टी काढून टाकली, तिथे ब्रश लावला. केस वाकतात, गोळी सुटते. शिरलं डोक्यात?

ललित : ब्रश कुठून आणला?

रोहिणी : अण्णांचा आहे. दाढीचा. मी केसांचा पुंजका कापून घेतला. दोन दिवस झाले, अण्णा खुंट वाढवून ऑफिसात जातायत. मामलेदारांनी विचारलं, काय हो, नवस आहे का? अण्णा म्हणाले, हो, मुलीचा.

ललित : तुझे अण्णा पण ना.

रोहिणी : म्हणून सांगते, हार काढ. अण्णांची बदली दीवला झालीय, हे तुला ठाऊक आहे. दमणला झाली असती तर मी बसने येऊनजाऊन केलं असतं. दीव म्हणजे तिकडे समुद्रात. नोकरी लागली तर मी इथेच सुलभामावशीच्या क्वार्टरमध्ये राहीन, अण्णांची ना नाही. नाही लागली तर बाडबिस्तारा बांधून त्यांच्याबरोबर. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन दीवमध्ये काय करू, होड्या मोजू?

ललित : आणि मी काय करू? माझा बाप बारा बारा तास दोऱ्याच्या मशीनवर उभा राहतो. पाय बघ एकदा त्याचे, नसा कशा फुगल्या आहेत. टॅक्स माफ म्हणून शेठ लोक इथे आले, आमच्यासारखे जळगावहून त्यांच्यामागे आले. बापाने मला एकच सांगितलं, बेटा, मशीनवर नको जाऊ. मशीनच्या बाजूला खुर्ची असते, ती बघ.

रोहिणी : मग यंत्र फिरव, साहेबांना ठरवू दे. दोघांपैकी ज्याचं नशीब त्याचं.

ललित : आणि पीठ पडलं तर दोघांचं गेलं. नको. त्यात पूजेचा हार काढायचा म्हणजे... तूच सांग, तुझ्या घरी चालेल?

रोहिणी : माझ्या घरचं काढू नकोस.

ललित : का? आईने आज काय काय पूजलं?

रोहिणी : विळी. कात्री. शिलाई मशीन. अण्णांचं पेन.

ललित : मग भाजी कशाने चिरली?

रोहिणी : नाही चिरली. पिठलं केलंय.

ललित : बघ! तुझी आई विळीला हात लावत नाही आणि तू इथे हार काढायला निघाली. हां, जीप आली वाटतं. ओढणी नीट कर. तू काही बोलू नको, मी बोलतो.

(वर्तकसाहेब येतात. पांढरा सफारी, खिशाला दोन पेनं, कपाळावर सकाळचं गंध. दारातूनच त्यांना झेंडूचा वास येतो आणि ते बूट बाहेर काढून ठेवतात, इथेच रोहिणीचं अर्धं काम बिघडलं.)

वर्तक : अरे वा, वा, वा! वर्कशॉपमध्ये आलो की देवळात?

ललित : नमस्कार, साहेब. आज खंडेनवमी. आमच्या टीमची परंपरा आहे.

रोहिणी : टीम ऑगस्टमध्ये झालीय, साहेब.

ललित : ही रोहिणी. विनोदी आहे. साहेब, हेच ते गोळीचं मशीन. तुमच्या गेटजवळच्या स्टॉलवर ठेवायचं. हँडलचा एक फेरा, एक गोळी.

वर्तक : सुबक आहे हो. मग फिरव पाहू, एक गोळी खाऊन बघू.

ललित : फिरवतो, साहेब. तुमचा हुकूम आहे, नाही कसा म्हणणार? फक्त... जाऊ द्या.

वर्तक : फक्त काय? बोल ना.

ललित : पूजा झाली आहे, साहेब. आज औजारांची सुट्टी. पण नोकरीचा प्रश्न आहे, तर माफी मागून फिरवतो. देव समजून घेईल.

वर्तक : नको! नको, हात खाली घे. अरे, किती वर्षांनी हे वाक्य ऐकलं मी, औजारांची सुट्टी! चिपळूणला आमचा छापखाना होता. आमच्या वडिलांचा, नानांचा. नवमीच्या दिवशी छपाईच्या ट्रेडल मशीनला एवढा मोठा हार. एकदा एक वधूपिता आला, लग्नपत्रिका अर्जंट हव्या म्हणून. नानांनी त्याला चहा पाजला आणि हात जोडून परत पाठवला. पाय धरले हो त्याने. नाना हलले नाहीत.

रोहिणी : मग पत्रिका?

वर्तक : अं? पत्रिकांचं काय ते आठवत नाही. मुद्दा तो नाही. मुद्दा असा की आज मी तीन शिफ्ट चालवतोय. आजच्या दिवशी! शेठजी म्हणाले, वर्तक, दिवाळीची ऑर्डर आहे, पूजा उद्या दशेराला करू पाच मिनिटांत. मी मान डोलावली. आणि इथे हा विशीतला मुलगा...

ललित : एकोणीस, साहेब.

वर्तक : ...हा मुलगा नोकरीवर पाणी सोडायला तयार आहे, पण हात लावायला नाही. ऐकून भरून येतं. यंत्र काय, कुणीही बनवतं.

रोहिणी : कुणीही नाही, साहेब. मी बनवलं.

वर्तक : तू? छान, छान. मुलीसुद्धा हल्ली उत्साहाने भाग घेतात. म्हणजे हे डेकोरेशन तुझं असणार.

रोहिणी : डेकोरेशन त्याचं. यंत्र माझं.

ललित : टीमवर्क आहे, साहेब.

रोहिणी : मग टीमलीडरला विचारा की, आत काय आहे.

वर्तक : हो, हे बरोबर. सांग रे, आतली रचना काय?

ललित : आत चकती आहे, साहेब. पितळेची. गोल. आणि चकतीच्या मागे... खूप मेहनत आहे.

रोहिणी : चकतीच्या वर माझ्या वडिलांचा दाढीचा ब्रश आहे.

वर्तक : काय आहे?

रोहिणी : ब्रशाचे केस, साहेब. पत्र्याची पट्टी गोळी चिरडते, कारण पट्टी वाकत नाही. केस वाकतात. जाडी गोळी आली तरी ती सरकून पुढे जाते.

वर्तक : थांब, थांब. केस वाकतात... अगं, आमच्या पॅकिंगच्या लाइनवर हाच तर रोग आहे. रोज पाट्या भरभरून चुरा निघतो. मुंबईहून इंजिनियर बोलावला, तो म्हणाला स्पीड कमी करा. ब्रश! हे आमच्या कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?

रोहिणी : तुम्ही गोळ्या फिरताना बघितल्या नसतील, साहेब. मी बघत बसले होते.

वर्तक : दाढीचा म्हणालीस?

रोहिणी : हो.

वर्तक : म्हणजे, वापरलेला?

रोहिणी : उकळत्या पाण्यात धुतलाय. कारखान्यात तुम्ही नवा लावा.

वर्तक : नाही, कल्पना चांगली आहे. चांगलीच आहे. बघायला हवं चालताना.

ललित : उद्या दाखवतो ना, साहेब! सकाळी हार उतरवला की लगेच.

वर्तक : उद्या मी वसईला, घरी. आणि नाव मला आज संध्याकाळीच शेठजींना द्यायचंय.

रोहिणी : मग आजच बघा.

ललित : ए रोहिणी! हात नको लावू!

वर्तक : अगं मुली, हार आहे त्याच्यावर...

रोहिणी : हार जरा वर सरकवते. हं, हा एक फेरा. पडली? एक. हा दुसरा. एक. हा तिसरा, ही बघा, ही जाडी होती, तरी सुटली. चुरा आहे कुठे? बोट फिरवून बघा खाली. घ्या साहेब, खाऊन बघायची होती ना तुम्हाला? संत्र्याची आहे.

वर्तक : नको.

रोहिणी : घ्या ना.

वर्तक : ठेव तिथेच.

रोहिणी : पण चाललं ना, साहेब?

वर्तक : चाललं. खोटं कशाला बोलू? आमच्या मशीनपेक्षा गुळगुळीत चाललं.

रोहिणी : मग?

वर्तक : मग असं आहे, बाळ, की मी नको म्हणत असताना तू हात घातलास. समोर पूजा दिसत होती, वडीलधारा माणूस समोर होता, हाही आपला ओरडत होता. तरी घातलास. उद्या लाइनवर मी म्हणेन बंद, आणि तू म्हणशील चालू.

रोहिणी : आज तुमच्या लाइनी चालूच आहेत ना, साहेब? तीन शिफ्ट?

वर्तक : ललित, तुझं पूर्ण नाव सांग मला.

ललित : ललित वाळू महाजन, साहेब.

वर्तक : हं. मशीनला उठसूट हात लावणारे माझ्याकडे ढीगभर आहेत. ट्रेनीचा पुढे सुपरवायझर करायचा तर हात आवरणारा माणूस लागतो. सोमवारी ये. हे यंत्रही घेऊन ये. आत पितळ आहे, तोवर नीट जप. आणि मुली, तू नाराज होऊ नकोस. आमच्या पॅकिंगला मुलीच असतात. बसून काम, डोक्यावर पंखा. रॅपर पिळायचं, बस.

रोहिणी : त्याला डिप्लोमा लागत नाही, साहेब.

वर्तक : म्हणूनच म्हणतो, तुला सोपं जाईल. चला, येतो मी. बूट कुठे ठेवले बरं?

ललित : हे घ्या, साहेब. हे, मी पुसले जरा. या, सांभाळून, पायरी आहे. नमस्ते, साहेब. हो, हो, सोमवारी. नमस्ते!

रोहिणी : गेली जीप?

ललित : गेली. रोहिणी, अगं... चालत होतं, यार!

रोहिणी : सकाळपासून मी काय मोरोपंतांच्या आर्या म्हणत होते?

ललित : आईची शपथ, मला खरं वाटलं असतं तर मी पूजा केलीच नसती.

रोहिणी : नसती केलीस. मग मी फिरवून दाखवलं असतं, तू शेजारी उभा राहून मोठ्याने समजावलं असतंस, आणि साहेबांनी नाव तुझंच विचारलं असतं. पूजेचा खर्च फुकट गेला तुझा.

ललित : असं नको बोलू. मी जाऊ का त्यांच्यामागे? सांगतो, मशीन हिचं आहे.

रोहिणी : ते मी सांगितलं. त्यांनी ऐकलं, चालताना बघितलं, चांगलं आहे म्हणाले. सगळं कळूनच तुझं नाव लिहून घेतलं. आता तू आणखी काय सांगणार? सफारीचा रंग छान आहे?

ललित : तू पण ना, ते तीन शिफ्टचं बोलायला नको होतं.

रोहिणी : हो. ते बोलले नसते तर पॅकिंगमध्ये मला पंख्याखालची जागा मिळाली असती.

ललित : राग काढ माझ्यावर, काढ. पण एक काम कर माझं. सोमवारी साहेब विचारणार, आतलं सगळं उघडून दाखव. मला फक्त झाकण माहीत आहे. आज जरा समजावून दे ना.

रोहिणी : ये. पाना घे. हे दोन बोल्ट आधी सैल कर.

ललित : आता?

रोहिणी : नाहीतर काय मुहूर्त काढायचा?

ललित : आज नको, यार. तू खोल, मी लांबून बघतो.

रोहिणी : का? साहेब गेले, नाटक संपलं.

ललित : हो, नाटकच होतं. पण खरं सांगू? मी हात जोडले आणि पाच मिनिटांत मला खुर्ची मिळाली. तू हात लावला, तुझं गेलं. आता मला हात लावायची भीती वाटू राहिली.

रोहिणी : झालं! इतका वेळ नुसता बुवा होतास, आता भक्त पण तूच.

ललित : हस, हस. उद्या सकाळी हार उतरवल्यावर शिकव. येशील ना? दशेरा आहे, पण येशील ना?

रोहिणी : येईन. तू पहिल्याच दिवशी बोटं चकतीत घालशील आणि माझा ब्रश बदनाम होईल.

ललित : तू वाईट नाही गं, रोहिणी.

रोहिणी : माहीत आहे. त्यानेच सगळा घोटाळा झालाय. वाईट असते तर सकाळीच तुझ्या नकळत हार तोडून फेकला असता. साहेबांनी नुसतं यंत्र बघितलं असतं, हार कसला आणि काय, विचारलंही नसतं. आईची विळी डोळ्यासमोर आली आणि मी तुझ्याशी वाद घालत बसले.

ललित : ती गोळी घे ना, साहेबांनी सोडलेली. तूच काढली.

रोहिणी : तू खा. नोकरी तुला लागलीय, तोंड गोड कर. माझी घरी जायची वेळ झाली, अण्णा जेवायला थांबले असतील.

ललित : त्यांना काय सांगणार?

रोहिणी : ते दारातच उभे असतील, त्या खुंट वाढलेल्या तोंडाने. चप्पल काढायच्या आधी विचारतील, चाललं का गं यंत्र?

ललित : मग?

रोहिणी : हो म्हणेन. पानं वाढून होईपर्यंत तरी खूश राहतील.